मोझेलचा झाकलेला आरसा

१

मोझेल क्रेन्शॉ मेली याचं मला नवल वाटलं नाही. ऐंशी उलटून गेलेली बाई, पाय सुजलेले, डॉक्टरने मीठ सोडायला सांगितलं तर डॉक्टरलाच सोडून आलेली. अशी बाई बसल्या खुर्चीत जाते. मला घाम फुटला तो तिच्या आरशाने.

रविवारी ती चर्चला आली नाही. सोमवारी सकाळी मी आणि व्हर्नीस तिच्या घरी गेलो. व्हर्नीस म्हणजे माझी शेजारीण. स्वतःच्या सावलीला दचकते, पण कुठे काही झालं की सगळ्यात पुढे तीच. दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत मोझेल खुर्चीत बसलेली. हात मांडीवर, डोळे मिटलेले, तोंडही मिटलेलं. जिवंतपणी ते कधी मिटलं नव्हतं.

आणि समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या आरशावर पांढरी चादर. वरच्या दोन्ही कोपऱ्यांना पिना टोचून नीट बसवलेली. शेजारचं लंबकाचं घड्याळ थांबवलेलं. आरशापुढे स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणून ठेवलेली.

मयत झालं की घरातला आरसा झाकायचा, घड्याळ थांबवायचं. अलाबामाच्या या भागात आम्हा काळ्या माणसांच्या घरी ही रीत माझ्या आजीच्या आजीपासून आहे. आरसा उघडा राहिला तर गेलेला त्यात अडकतो, आणि त्यात ज्याचा चेहरा पहिला दिसेल त्याला सोबत घेऊन जातो. माती झाल्यावर, ज्या हाताने झाकला त्याच हाताने तो उघडायचा. दुसऱ्याने चादर ओढली तर पुढची शवपेटी त्याची. माझी शिकलेली नातवंडं हसतात. हसू देत. त्यांच्या घरातून अजून कोणी उचललं गेलेलं नाही.

व्हर्नीसने माझा दंड धरला. तिची बोटं बर्फासारखी गार. "अर्लीथा, मेलेली बाई उठून आरसा झाकते का गं?"

"नाही."

"मग कोणी झाकला?"

मोझेल एकटी राहायची. म्हणजे ती गेल्यावर इथे कोणीतरी आलं, चादर लावली, घड्याळ थांबवलं आणि गावात कोणालाही न सांगता दार लोटून निघून गेलं.

मी मागच्या खोलीत गेले. आमच्या वयाच्या बाईची मातीची पेटी तयार असते: पांढरा झगा, हातमोजे, पायमोजे आणि सगळ्यांच्या खाली मातीची पॉलिसी, म्हणजे मेल्यावर पुरायचा खर्च विमा कंपनीने द्यायचा तो कागद. मोझेलची पेटी पलंगाखाली होती. झगा होता, मोजे होते. उशाशी तिच्या पाकिटात पैसे होते, त्यांना कोणी हात लावला नव्हता.

पॉलिसी तेवढी नव्हती.

व्हर्नीस तशीच घरी पळाली. परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"माझीपण," ती म्हणाली. "अर्लीथा, माझ्या पलंगाखाली कोणीतरी हात घालून गेलंय."

२

आता ही पॉलिसी चोरून कोणाला काय मिळणार? दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, चूल पेटवायला कागद.

आमच्या तरुणपणी विम्याचा माणूस दर शनिवारी दारात यायचा. चिल्लर घ्यायचा, पुढच्या दारी जायचा. त्याच विम्याला गोऱ्यांकडून जितकं घ्यायचा त्याहून जास्त आमच्याकडून घ्यायचा, आणि विमा जेवढ्याचा तेवढं केव्हाच भरून झालं तरी येतच राहायचा. हे आम्हाला म्हातारपणी कळलं. कोणीतरी कोर्टात गेलं, तेही एकट्यापुरतं नाही, आमच्यासारख्या हजारोंच्या वतीने एकच दावा लावला. कंपनीने तडजोड केली. जादा उकळलेलं परत करायचं, मातीची रक्कम वाढवून द्यायची. पॉलिसी दाखवायची आणि सही करायची. शुक्रवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये सह्या होणार होत्या. त्यासाठी वकिलांनी अटलांटाहून कॅमिल नावाची पोरगी पाठवली होती. ती घरोघर फिरून समजावत होती. उंच टाचांचे बूट आणि आमचा चिखल. देव तिचं भलं करो.

मोझेलला पुरायच्या तयारीसाठी फ्युनरल होममध्ये नेलं होतं, मी तडक तिथे गेले. मालक थेरन बॅटल दारातच भेटला. साडेसहा फूट उंच, दाराच्या चौकटीला नेहमी नमस्कार करून आत शिरतो.

"मिस अर्लीथा, पॉलिसी सापडली?"

"तुझी नजर माझ्या तोंडाकडे की पिशवीकडे, थेरन?"

तो ओशाळला. "माझाही धंदा आहे. कंपनीला फोन केला, ते म्हणतात जुन्या नोंदी शोधायला कित्येक आठवडे लागतील. शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी तिला ठेवतो. नंतर काउंटीच्या स्वाधीन करावं लागेल."

काउंटीची, म्हणजे सरकारी बेवारशांची जागा म्हणजे कचऱ्याच्या डेपोपलीकडचं माळरान. नावाची पाटी नाही, नंबराची खुंटी ठोकतात. आणि मोझेलची जागा चर्चच्या मागे, तिच्या नवऱ्याशेजारी, ओटिसशेजारी, केव्हाची राखून ठेवलेली. चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवता आली असती, पण ती मला बजावून गेली होती, "अर्लीथा, माझ्या मातीसाठी थाळी फिरवलीस तर मी उठून बसेन. जन्मभर भरलंय मी."

आत लरलीन टॉलिव्हर मोझेलचे केस विंचरत होती. लरलीन आमच्या चर्चची नर्स, कोणाला अंगात देव संचारून भोवळ आली की पंख्याने वारा घालणारी. चणीने लहानखुरी, उभी राहिली तर थेरनच्या कोटाच्या दुसऱ्या बटणापर्यंत येते. आमच्यातली कोणी गेली की शेवटची अंघोळही तिच्याच हातची.

"कशी दिसतेय गं?" मी विचारलं.

"झोपल्यासारखी." लरलीनने वर पाहिलं नाही. "अर्लीथा, ते सह्यांचं सोडा तुम्ही सगळ्या. नाव लिहून दिलं की काय होतं ते आपण पाहिलंय."

व्हर्नीसही तेच म्हणत होती. निम्मं गाव तेच म्हणत होतं. मी लक्ष दिलं नाही.

निघताना थेरन माझ्याबरोबर पायरीपर्यंत आला. आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगू? एकट्याने मेलेल्या माणसाचं तोंड उघडं राहतं. मिस मोझेलचा जबडा अंग ताठायच्या आत कोणीतरी फडक्याने बांधला होता, मग सोडला. हनुवटीखाली वळ आहे. ज्याने केलं त्याचा हात सरावाचा आहे."

"सरावाचा हात तुझापण आहे, थेरन."

"म्हणूनच सांगतो," तो म्हणाला, "लोक माझ्याकडे बघायला लागायच्या आधी."

३

मंगळवारी अंगण झाडत होते. झाडूच्या आवाजात गाडी आलेली कळलीच नाही. मान वर केली तर फाटकाशी हिरवा ट्रक, आणि त्याला टेकून डाल्टन वीम्स.

हाच तो विम्याचा माणूस. नोकरी सोडून कैक वर्षं झाली, कंबर वाकली, पण टोपी तशीच डोक्यावर. त्याने एकदाही आमच्यापैकी कोणापुढे ती काढली नव्हती.

"अर्लीथा."

"मिस अर्लीथा," मी म्हटलं. आदराचं 'मिस' त्याने आम्हाला कधी लावलं नव्हतं.

त्याने टोपी पुढे ओढली. "मिस अर्लीथा. वकिलांनी मला साक्षीला बोलावलंय."

"मग कोर्टाचा रस्ता तिकडे आहे."

"तुम्ही लोक माझ्याबद्दल काय सांगणार ते विचारायला आलो. रविवारी मोझेलकडेपण गेलो होतो."

"रविवारी? कधी?"

"चर्च सुटल्यावर. दार वाजवलं. नेहमीसारखं."

त्याचं नेहमीसारखं मला ठाऊक होतं. अंगठीने, लाकडावर, घाई असल्यासारखं. ते ऐकू आलं की आमची पोरं पलंगाखाली शिरायची. "आत ये," मी मुद्दाम म्हटलं. "उन्हात कशाला? आत बसून बोल."

तो दोन पावलं मागे सरकला. "आत? नाही, नाही. इतकी वर्षं आलो, उंबरठा कधी ओलांडला नाही मी तुमचा. पद्धत नव्हती." मग टोपीची कड चाचपत म्हणाला, "त्या वर्षीची गोष्ट काढणार आहात का? तुम्ही लोकांनी मतदानाला नावं नोंदवली ते वर्ष? हप्ता घ्यायला कोणाच्या दारात थांबायचं नाही ते मला वरून सांगितलं होतं, मिस अर्लीथा. मी नाही ठरवलं."

"वरून म्हणजे देवाने?"

तो ट्रकमध्ये चढला. काच खाली करून म्हणाला, "मोझेलने मला आत घेतलं नाही, तिची मर्जी. पण खिडकीचा पडदा हलला. मला बघून हलला. घरात असून दार उघडलं नाही तिने."

मोझेलचे सांधे दुखायचे, म्हणून तिची खुर्ची पुढच्या खोलीतल्या शेकोटीशेजारी. खिडकीपासून पार लांब. ट्रक गेल्यावर मी झाडू टाकला आणि पायरीवर बसून राहिले. दारात वीम्स उभा होता तेव्हा पडद्यामागे मोझेल नव्हती. मोझेल मेली होती, आणि जे कोणी होतं ते तिच्यासोबत आत होतं.

४

बुधवारी दुपारी कॅमिल माझ्या स्वयंपाकघरात आली. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली.

"मिस अर्लीथा, लोक माझ्याकडे चोरासारखं बघतात. मी तर पॉलिसी शोधतेय. पॉलिसी नाही तर माझं इथे कामच काय?"

"मोझेलच्या घरात किती खोल्या, पोरी?"

"मला कसं कळणार? मी पुढच्या खोलीतच बसले, दोनदा. आणि सोमवारी तुम्ही सगळे तिथे होतात तेव्हा." तिने भुवया जवळ आणल्या. "एक विचारू? त्या घर बदलणार होत्या का? आरशाला चादर कशाला? सामान हलवताना झाकतात तशी."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. या पोरीला अर्धं जग माहीत होतं, पण आरसा का झाकतात ते नाही. मी तिच्या ताटात पाउंड केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

संध्याकाळी उजेड असतानाच प्रार्थनासभा. आम्ही म्हाताऱ्या पहिल्या बाकावर, पांढऱ्या कपड्यात. कॅमिल माझ्या उजवीकडे, गाणं येत नाही तरी ओठ हलवत. थेरन पुरुषांच्या बाकावर, त्याच्या मागच्यांना प्रवचन देणारे पाळक दिसत नाहीत म्हणून सगळे चिडलेले. व्हर्नीस माझ्या डावीकडे, माझा हात घट्ट धरून. लरलीन नेहमीसारखी मागे, दाराशी.

घरी आले. दार जसं लावलं तसंच होतं. खिडक्या बंद. आणि तरी मी उंबऱ्यावरच थांबले. घराला माणसाचा वास राहतो.

पलंगाखालची पेटी ओढली. झगा होता, घडीवर घडी. हातमोजे वर होते. मी ते ठेवते तेव्हा उजवा वर असतो, कारण उजव्या हाताने देवाचा हात धरायचा असं आई सांगायची. आता डावा वर होता.

पॉलिसी गेली नाही. मी ती पेटीत ठेवतच नाही. कुठे ठेवते ते कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण मी देवाचं नाव घेत होते तेव्हा कोणीतरी माझ्या मरणाच्या कपड्यांत हात घालून बसलं होतं.

खुर्ची दाराला लावली आणि बायबल मांडीवर घेऊन बसले. घाबरलेलं डोकं पळतं, पण माझं पळता पळता विचार करतं.

वीम्स? तो आत आला नाही, आत काय आहे ते त्याला माहीत नाही. आणि पडदा हलला हे चोर स्वतःहून कशाला सांगेल? कॅमिल? तिला चादरीचा अर्थ कळत नाही, आणि सभा सुटेपर्यंत तिची कोपरं माझ्या बरगडीत होती. थेरन? जबडा बांधता येतो, रीतही माहीत. पण तो सभेत माझ्या डोळ्यांपुढे होता. आणि ती खुर्ची! आरशाची वरची कड थेरनच्या कपाळाशी येते. साडेसहा फुटांचा माणूस चादर लावायला खुर्चीवर चढत नाही.

ठेंगणं माणूस. सरावाचा हात. आमच्या सगळ्यांच्या पेट्या कुठे आहेत ते माहीत असलेलं, कारण आम्हीच सांगून ठेवलंय: मी गेले की पलंगाखाली बघ. सभेच्या मध्येच उठून गेलं तरी कोणाची मान वळत नाही, असं माणूस.

नाव ओठांवर आलं आणि मी तोंडावर हात ठेवला. ती का करेल? आणि मोझेल आधी गेली की हिच्या येण्याने गेली?

५

कागद तिच्या पेटीत असणार हा माझा अंदाज, पण दुसऱ्या बाईची मातीची पेटी ती जिवंत असताना उघडत नाहीत. तेवढं पाप मी केलं नसतं. म्हणून गुरुवारी दुपारी मी सगळ्यांना मोझेलच्या घरी बोलावलं. पुरायच्या आधी घरी जमायची रीतच आहे. कोंबडी तळली, पालेभाजी शिजवली, कोणी फारसं खाल्लं नाही. थेरन आला, कॅमिल आली, व्हर्नीस, लरलीन, पाळक. डाल्टन वीम्सही आला, पण तो अंगणातच उभा राहिला.

मी आरशापुढे उभी राहिले.

"ऐका. उद्या मोझेल काउंटीच्या माळावर जाईल. या घरातून माती निघणार नाही. मग आरसा झाकून कोणाची वाट बघायची? मी चादर काढते."

"अर्लीथा!" व्हर्नीस किंचाळली. "तू झाकला नाहीस तो! माती नाही झाली अजून!"

"ज्याने झाकला त्याला पुढे यायची लाज वाटते. मग मीच काढते. चेहरा दिसला तर माझा दिसू दे."

कॅमिल आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. पाळकांनी डोळे मिटले. मी खुर्ची ओढली, चढले. मला खरोखर भीती वाटत होती. माझा अंदाज चुकला असता तर ती चादर मला ओढावीच लागली असती. पिनेला बोट लावलं. पहिली पीन सुटली. चादरीचा कोपरा घसरला, काचेची एक पट्टी चमकली.

"हात काढ!"

कोणीतरी माझा झगा मागून धरला होता, दोन्ही मुठींनी. "उतर, अर्लीथा. बघू नकोस त्यात. मी झाकला. मीच. उतर ना गं."

लरलीन होती.

६

ती जमिनीवरच बसली. मी खाली उतरून तिच्याशेजारी बसले. माझ्या गुडघ्यांना काय वाटलं ते सांगत नाही.

"मोझेल?" मी एवढंच विचारलं.

"झोपलीय असं वाटलं. आत जाऊन पॉलिसी घेतली, बाहेर आले, हात लावला तर हात गार." लरलीन पुढे-मागे डुलत होती. "आधीच गेली होती, अर्लीथा. देवाशपथ. पण अशी उघड्या तोंडाने कशी ठेवू तिला? जबडा बांधला. चादर घेतली. आणि तेवढ्यात दार वाजलं."

अंगणात वीम्सने टोपी काढली. मी खिडकीतून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं टक्कल पाहिलं.

"तसंच वाजलं," लरलीन म्हणाली. "एझेलच्या वेळी वाजलं होतं तसं."

एझेल तिचा नवरा. आम्ही काळ्यांनी मतदानाला नावं नोंदवली त्या वर्षी त्याने कोर्टात जाऊन सही केली, आणि गोऱ्यांना ते खपलं नाही. शनिवारी विम्याच्या माणसाने दार वाजवून सांगितलं, तुमची पॉलिसी बंद. पुढच्या शनिवारी एझेल नदीत मेलेला सापडला. शवपेटीला पैसे नाहीत म्हणून लरलीनने त्याला मक्याच्या कोठाराच्या फळ्यांत पुरलं. आम्ही सगळ्या तिथे होतो, आणि मी मात्र ते विसरून कॅमिलकडचं पेन कधी हातात येतंय याची वाट बघत होते.

"कागद नसला तर सही करता येणार नाही," लरलीन म्हणाली. "सही नसली तर कोणी येणार नाही. एवढंच माझ्या डोक्यात. मोझेलला जागा मिळणार नाही हे नाही आलं डोक्यात. आणि आल्यावर... तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

कॅमिल गुडघ्यांवर बसली. "मिस लरलीन, सही केली म्हणून कोणाची पॉलिसी बंद होणार नाही. कोर्टाचा आदेश आहे."

"तेव्हाही कोर्टच होतं, पोरी."

कॅमिलने तिचा हात धरला. मग म्हणाली, "हो. मग उद्या मी तुमच्याशेजारी बसते. सगळ्यांचं होईपर्यंत."

कागद लरलीनच्या स्वतःच्या पेटीत होते, तिच्या पांढऱ्या झग्याखाली. ती घरी जाऊन एकटीनेच घेऊन आली. थेरनने मोझेलची पॉलिसी हातात घेतली आणि वाचलीसुद्धा नाही. "शनिवारी सकाळी," म्हणाला. शुक्रवारी हॉलमध्ये आम्ही सह्या केल्या. बाहेर एखादी गाडी हळू झाली की सगळ्यांची पेनं थांबायची. लरलीनने शेवटी केली, खिडकीकडे तोंड करून.

शनिवारी मोझेल ओटिसशेजारी गेली. पांढरा झगा, हातमोजे. थाळी फिरली नाही.

माती झाल्यावर आम्ही परत तिच्या घरी आलो. लरलीन आरशापुढे उभी राहिली आणि तिथेच थिजली.

"ज्या हाताने झाकला तोच आहे ना?" मी म्हटलं. "मग भितेस कशाला?"

"चोरून झाकला होता. चोराच्या हाताला ती सूट असते की नाही कोणाला माहीत?"

मलाही माहीत नव्हतं. व्हर्नीस दाराबाहेर पळाली होती. मी लरलीनच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले, तिच्या गालाला माझा गाल टेकेल इतकी वाकून.

"ओढ आता," मी म्हटलं. "दोन चेहरे एकदम दिसू देत. बसू दे आरशाला ठरवत, यातली कोण पहिली ते. आपल्या दोघींपुढे मोझेल कधी जिंकली नाही, हा आरसा काय जिंकतोय."

तिने डोळे घट्ट मिटले. मी उघडे ठेवले. चादर खाली आली.